टायपिंगच्या पुढचं काम

मिनिटाला मराठी ३०, इंग्रजी ४० शब्दांची टायपिंग आली की सरकारी कार्यालयातल्या लिपिकाचं भागतं, असं कुणी कुणी म्हणतं. भरतीपुरतं ठीक. नंतर मात्र आलेल्या-गेलेल्या कागदांची आवक-जावक नोंदवहीच तारते. आमच्याकडे जळगावला माहिती अधिकाराचे अर्ज येतात. विषय दुसऱ्या प्राधिकरणाचा, म्हणजे दुसऱ्या सरकारी कार्यालयाचा निघाला तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांच्या आत अर्ज तिकडे वर्ग करावा लागतो. आपला असेल तर उत्तराला ३० दिवस. म्हणून अर्ज हातात पडला की लगेच शिक्का, तारीख, आवक क्रमांक. ‘संध्याकाळी एकदम चढवू’ चालत नाही. संगणकावरच्या फाइलींना नाव देताना वर्ष आधी, मग विषय. साहेब बदलतात, फाइल शोधायची आपल्यालाच! आणि पारोळ्याहून आलेल्या आजोबांना त्यांच्या अहिराणीत ‘काय काम शे, बाबा?’ असं विचारलं की अर्ज न वाचताच निम्मं काम कळतं.