पात्र बदललं, हे दाखवायचं कसं?

रानवाट: कादंबरीचा पहिला खर्डा झालाय. नायिका खेड्यातून शहरात येते, नोकरी लागते, नवी माणसं भेटतात, तरी शेवटी ती पहिल्या प्रकरणातलीच वाटते. ‘ती आता बदलली होती’ असं लिहिणं पटत नाही. मराठीत हे कुणी नीट साधलंय?

सांजसावली: व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही कादंबरी पुन्हा वाचा आणि वाडी तिथे नव्याने आलेल्या शाळामास्तरकडून काय मागते एवढंच बघत जा. आधी कारभाऱ्याच्या शब्दाशिवाय पोरं शाळेत येत नाहीत. हळूहळू लोक आपली कामं, अडचणी घेऊन मास्तरकडे यायला लागतात. पुढे तालमीची कल्पना तोच मांडतो आणि अख्खी वाडी त्यासाठी राबते. मास्तर स्वतःच्या वाढीबद्दल बोलत नाही, ती इतरांच्या वागण्यातून कळते. मग दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते. मिळवलेलं टिकत नाही, म्हणूनच ते खरं वाटतं.

पोटमाळा: बदलाला वेळही द्या. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्र असलं तरी कादंबरीकाराने त्यातून हे शिकावं. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली. मधली वर्षं ताटातुटीची आणि मनातल्या झगड्याची. नवऱ्याकडे परतल्यावरही सोवळं लगेच सुटत नाही. विचार पालटल्याची खूण भाषणात शोधू नका, कुणाच्या हातचं पाणी चालतं इथे शोधा. तुमच्या नायिकेचं असं ‘पाणी’ कोणतं, ते आधी ठरवा.

रानवाट: निवेदन प्रथमपुरुषी आहे. त्याने अडचण होते का?

सांजसावली: होते, निवेदकाचं वय निसटलं तर. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ कादंबरीत निवेदक मुकुंद नववीत आहे, बाहेर आणीबाणी आहे, पण ती त्याला जेवढी दिसते तेवढीच पानावर येते. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त (१९६३) पंचविशीतला पांडुरंग मागे वळून सांगतो, म्हणून पुण्यातल्या दिवसांवर त्याला शेरे मारता येतात. या दोन्ही तऱ्हा एकत्र केल्या की अठरा वर्षांची मुलगी चाळिशीतल्या बाईसारखी बोलते. बहुतेक खर्डे इथेच फसतात.

पोटमाळा: आणि दुरुस्ती करताना शेवटाला हात लावू नका. पहिल्या वीस-पंचवीस पानांत तिचा एक छोटा निर्णय पेरा: उधार नाकारणं, वडिलांसमोर गप्प बसणं, काहीही. उत्तरार्धात तोच पेच दुसऱ्या माणसासोबत येऊ द्या. या वेळी तिने वेगळं वागावं आणि त्यात तिचं काहीतरी गमवावं. नुकसान नसेल तर तो प्रसंग काढून टाका.