चाई पडली, लेक शाळेत जायला तयार नाही. काय करावं?

आठवीतल्या मुलीची आई:
डोक्यावरचे केस जाऊन रुपयाएवढे तीन चट्टे पडलेत. त्वचेच्या डॉक्टरांनी चाई सांगितली, थायरॉइड नॉर्मल आहे, औषध सुरू आहे. पण ती सारखी आरशात चट्टे बघते, शाळेचं नाव काढलं की रडते. घरची मोठी माणसं म्हणतात, ‘कीड लागलीय, लसूण चोळा.’ तिला सावरायचं कसं?

त्वचा-ओपीडी:
ताई, लसूण आजच थांबवा. कच्च्या लसणाने कातडी भाजते, फोड येतात. चाईत कीड नसते. शरीराच्याच संरक्षक पेशी केसांच्या मुळांवर चालून जातात. मूळ मरत नाही, म्हणून केस परत येऊ शकतात. सुरुवातीला बऱ्याचदा पांढरी लव येते, हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती नव्याने घाबरेल. आजार स्पर्शाने पसरत नाही, तेव्हा तिचा टॉवेल वेगळा काढू नका, तिला ते फार लागेल. आणि ‘टेन्शन घेतेस म्हणून गळतात’ हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नये.

समुपदेशक:
आरसे झाकू नका. चट्ट्यांचा फोटो महिन्यातून एकदाच, त्याच खिडकीपाशी, कोरड्या केसांवर. मधल्या दिवसांत चट्टे मोजणं बंद. शाळेसाठी एकच वाक्य पाठ हवं: ‘मला चाई आहे, ती लागत नाही, औषध चालू आहे.’ घरी तुम्ही खवचट मैत्रीण व्हा आणि तिच्याकडून दहा-पंधरा वेळा म्हणून घ्या. वाक्य संपलं की विषय बदलायचा. खुलासे देत बसलं की प्रश्न वाढतात. वर्गशिक्षिकांना आधी भेटा, पण त्यांना किती सांगायचं ते लेकीला ठरवू द्या. पहिल्या दिवशी दोनच तास पाठवा. झोप-जेवण तुटलं किंवा ‘जगायला नको’ असं बोलली, तर त्याच दिवशी टेलि-मानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.

विगकाम:
तीन चट्ट्यांना पूर्ण विग नको. भांग बदलून, रुंद सुती हेअरबँड लावून बघा. टॉपर (क्लिपने अडकवायचा छोटा अर्धा विग) घेतलात तर क्लिप चट्ट्यापासून दोन बोटं लांब, दाट केसांत लावा. चट्ट्याच्या कडेचे केस आधीच सैल असतात, ओढ बसली की सुटतात. घट्ट वेण्याही त्यासाठीच नकोत. हेअर फायबरची पावडर (केसांसारखे दिसणारे बारीक तंतू) गुळगुळीत चट्ट्यावर धरत नाही, घामाने ओघळते. टॉपर चिकटवायची टेप वापरायची तर आदल्या दिवशी कानामागे तुकडा लावून बघा. स्कार्फ किंवा टोपीची परवानगी शाळेकडून लेखी घ्या, म्हणजे दर तासाला नव्या शिक्षकांना उत्तर द्यावं लागणार नाही.