20 वर्षांनंतरच्या वाहतुकीसाठी मायक्रो सिम्युलेशन: पुढचा रस्ता मोकळा का दिसतो?

नवखी_नियोजक
22 किलोमीटरचा कॉरिडॉर, पाच इंटरचेंज, एका बाजूला तीन मार्गिका. व्हिसिम या सॉफ्टवेअरमध्ये मायक्रो मॉडेल (एकेक वाहन वेगळं चालवून दाखवणारं) उभं केलं, सकाळच्या गर्दीचं कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्यक्ष मोजणीशी मेळ, जुळलं (जीईएच हा मोजणी आणि मॉडेलमधल्या फरकाचा निर्देशांक 88 टक्के ठिकाणी 5 च्या आत). आता 20 वर्षांनंतरची वर्दळ घातली, तर पहिल्याच रॅम्पपाशी (चढण्या-उतरण्याच्या जोडरस्त्यापाशी) सगळं ठप्प होतं आणि पुढचे चारही इंटरचेंज मोकळे दिसतात. म्हणजे पुढे रुंदीकरण नको, असं लिहू का? दोन दिवस इथेच अडकले आहे.

जुना_मोजणीदार
कृपया तसं लिहू नका. पहिल्या रॅम्पने वाहनं अडवून धरलीत, म्हणून पुढे मोकळं आहे. तो सुधारलात की कोंडी दुसऱ्या इंटरचेंजवर जाऊन बसेल. आधी एरर फाइल उघडा आणि किती वाहनं नेटवर्कमध्ये शिरूच शकली नाहीत ते बघा. उमेदवारीच्या काळात मी ते पाहिलं नव्हतं. 'काहीच न करणे' या पर्यायात सरासरी विलंब कमी आला, मी तो तसाच छापला. बाहेर तिष्ठत राहिलेली वाहनं त्या सरासरीत धरलेलीच नव्हती. अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागलं; ती चूक अजून सलते.

आणि वाढीचा दर कुठून आणलात? आज एका बाजूला ताशी 3000 वाहनं असतील, तर दरसाल 3 टक्क्यांनी 20 वर्षांत 5400 होतात, 5 टक्क्यांनी जवळपास 8000. तीन मार्गिकांची क्षमता अगदी आदर्श स्थितीतही 7200 च्या आसपास. म्हणजे निकाल त्या एका दरानेच ठरतो. जीईएच आजची मोजणी जुळवतो, 20 वर्षांनंतरची नाही. दोन-तीन दर घ्या, प्रत्येकाला दहा तरी रँडम सीड (वाहनांचं येणं दर वेळी यादृच्छिकपणे बदलणारा आकडा) द्या.

लाल_सिग्नल
इतकी कोंडी झाली तर लोक रस्ता बदलतील, वेळ बदलतील, काही प्रवास करणारच नाहीत. ठरावीक मागणी घातलेल्या मायक्रो मॉडेलला हे कळत नाही. कॉरिडॉरभर मॅक्रो मॉडेल (एकेक वाहनाऐवजी एकूण प्रवाह धरणारं) वापरा, मायक्रो फक्त रॅम्प आणि विव्हिंगच्या पट्ट्यांसाठी, जिथे चढणारी-उतरणारी वाहनं एकमेकांची वाट छेदतात. रुंदीकरणाने नवी वाहनं किती ओढली जातील, तेही मॅक्रोतच तपासायला हवं.

नवखी_नियोजक
दर 5 टक्केच होता, जुन्या अहवालातून उचललेला. आणि बाहेर 1340 वाहनं उभी होती! आज 2, 3 आणि 5 टक्क्यांनी चालवते. गर्दीचा काळ एक तासाऐवजी तीन तास धरू?

जुना_मोजणीदार
धरा. त्यापुढेही रांग पूर्ण विरेपर्यंत चालू ठेवा, नाहीतर विलंब अर्धवटच मोजला जाईल.