‘आउटगोइंग बँडविड्थ’ला मराठीत काय लिहावं?

बेळगावहून: संगणक एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्क स्विचच्या पुस्तिकेचं भाषांतर करतोय. तिच्यात ‘पोर्टची आउटगोइंग बँडविड्थ 20 टक्क्यांवर आणा’ असं आहे. मी ‘निर्गमन क्षमता मर्यादित करा’ लिहिलं, तर सगळे अपलोड कमी करायचं समजले.

खानापूरहून: आउटगोइंग आहे ते स्विचच्या बाजूनं. पोर्टमधून बाहेर पडलेलं समोरच्या संगणकात शिरतं, म्हणजे कमी होतं ते त्याचं डाउनलोड. ‘स्विचची जावक’ लिहा. एका कचेरीची जावक ती दुसरीची आवक, हे रजिस्टर लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

निपाणीहून: जावक टपालाची हो. ‘निर्गमन’ आपल्याकडे कन्नड पाटीवरही असतं, दोन्ही वाचकांना कळतं. खटकतं ते ‘क्षमता’. केबलची क्षमता आहे तेवढीच राहते, आपण वेग कमी करतो.

चिकोडीहून: आधी 20 टक्के कशाचे ते लिहा. सिस्को कॅटालिस्ट 2960 या स्विचवर इंटरफेसमध्ये, म्हणजे त्या पोर्टच्या सेटिंगमध्ये, जाऊन ‘एसआरआर-क्यू बँडविड्थ लिमिट 20’ ही आज्ञा द्यायची. 10 ते 90 चालतं. टक्के धरले जातात लिंकच्या जुळलेल्या वेगावर. गिगाबिट, म्हणजे सेकंदाला 1000 मेगाबिट (एमबीपीएस), जुळला तर 200 एमबीपीएस, केबलची जोडी तुटून लिंक 100 वर उतरली की 20. शिवाय हार्डवेअर सहा-सहाच्या टप्प्यानं सरकतं, आकडा नेमका मिळत नाही.

बेळगावहून: आणि अपलोड आवळायचं तर?

चिकोडीहून: त्याच पोर्टवर आत येणाऱ्या ट्रॅफिकला पोलिसिंग, म्हणजे वेगाची कमाल मर्यादा, लावा. वेग बिटमध्ये, बर्स्ट (एका झटक्यात किती डेटा चालेल ते) बाइटमध्ये, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. भाषांतरात इथेच आठपटीची चूक होते. बर्स्ट 8000 ठेवला तर 1500 बाइटची जेमतेम पाच पॅकेट (डेटाचे तुकडे) मावतात. पुढची पडतात, हरवलेली पॅकेट पुन्हा पाठवणारा टीसीपी हा नियमसंच अडखळतो आणि वेग ठरवल्यापेक्षा खूप खाली जातो.

खानापूरहून: म्हणून पोलिसिंगला ‘रोखणे’ नको. ते जादा पॅकेट टाकून देतं, सांडव्यावरून गेलेल्या पाण्यासारखं. वेग आवरायची दुसरी पद्धत शेपिंग. ते पॅकेट रांगेत धरून हळूहळू सोडतं, त्याला ‘तुंबवून सोडणे’ म्हणा. कन्नड ‘तुंबु’चाच भाऊ तो.

निपाणीहून: तुंबतं ते गटार! पुस्तिकेत ‘थोपवणे’ शोभेल.

खानापूरहून: थोपवण्यात रांग भरत जाणं दिसत नाही. बफर, म्हणजे रांगेची जागा, भरला की शेपिंगमध्येही पॅकेट पडतात. तुंबलेलं शेवटी उतू जातंच.

निपाणीहून: पण ‘कोड तुंबितु’ म्हणजे घागर भरली, एवढंच. अडण्याला कन्नडात ‘कट्टु’ आहे की. मग मराठीत अडण्याचा अर्थ आला कुठून?

खानापूरहून: भरलेल्याला वाट नसली की ते अडतंच की.

बेळगावहून: जावक लिहू की निर्गमन?