गायरानातील टेकडी आणि मुरमाचा उपसा : रॉयल्टीची पावती पुरेशी असते का?

मुळशीकर : आमच्या गावच्या गायरानात एक टेकडी आहे. तिच्यावर गुरे चरतात आणि पायथ्याच्या विहिरींना तिचाच पाझर आहे. उन्हाळ्यापासून तिथे पोकलेन लावून मुरूम काढला जात असून डंपर बहुधा रात्रीच भरले जातात. हटकले, तर रॉयल्टी भरल्याच्या पावतीची झेरॉक्स पुढे केली जाते. पावती असली की उपसा कायदेशीर ठरतो का, आणि ग्रामस्थांनी सुरुवात कुठून करावी?

निवृत्त भूमापक : पावती नीट वाचावी. गौण खनिजाचा परवाना विशिष्ट गटापुरता, ठरावीक ब्रासपुरता (ब्रास हे मुरूम मोजण्याचे माप) आणि मुदतीपुरता असतो; परवाना शेजारच्या खासगी गटाचा आणि खोदाई गायरानात, हा प्रकार मी नोकरीत अनेकदा पाहिला आहे. सातबारा आणि गाव नकाशा काढून गट पडताळावा. मग खड्डा मोजावा. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. म्हणजे २०० फूट लांब, १०० फूट रुंद आणि सरासरी १५ फूट खोल खड्ड्यातून ३,००० ब्रास निघालेले असतात. पावती ५०० ब्रासची असेल, तर पुढे वाद घालण्यासारखे फारसे उरत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) नुसार अनधिकृत उपशावर बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि ४८(८) नुसार यंत्रे व वाहने जप्त करता येतात. तहसीलदारांकडे अर्ज देऊन पंचनामा मागावा आणि पोच घ्यायला विसरू नये. जमीन राखीव वन निघाली, तर १९२७ च्या वन कायद्याचे कलम २६ लागू होते आणि तक्रार वन विभागाकडेही करावी लागते.

विहिरीकाठचा : वरील सल्ला अचूक आहे, परंतु माझा आक्षेप दंडावरच भिस्त ठेवण्याला आहे. मुरूम म्हणजे झिजलेला बेसॉल्ट. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि हळूहळू विहिरींना मिळते. तो थर खरवडून खालचा कातळ उघडा पडला की पाणी वाहून जाते, आणि दंडाची रक्कम सरकारजमा झाली तरी पाझर परत येत नाही. म्हणून पंचनाम्याची वाट न पाहता ग्रामसभेत उपशाविरुद्ध ठराव घ्यावा आणि टेकडीवरच्या वनस्पतींची नोंद जैवविविधता समितीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत करवून घ्यावी. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे. मात्र त्याच्या कायद्यातील कलम १४ खालील अर्जाला सहा महिन्यांची मुदत असते, तेव्हा तारखा आजपासूनच लिहून ठेवा. आणि रात्री डंपर अडवायला एकट्याने जाऊ नका.

मुळशीकर : दोघांचेही आभार. झेरॉक्सवरचा गट क्रमांक ओढ्यापलीकडच्या खासगी शेताचा निघाला. उद्या सकाळी चौघे जण टेप घेऊन खड्डा मोजतो आणि सोमवारी तहसील कार्यालयात अर्ज देतो.