निवासी शाळेतील अत्याचार : भरपाईसाठी खटल्याच्या निकालापर्यंत थांबावे लागते का?

वाटसरू : आमच्या परिचयातील एका मुलीवर निवासी शाळेतील कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केला. पॉक्सोखाली (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली) गुन्हा नोंदवला गेला असून दोषारोपपत्रही दाखल झाले आहे. मुलीची शाळा सुटली आहे, आणि समुपदेशनासाठी तिला जिल्ह्याच्या गावी नेण्यात आईचा रोज बुडतो. निकाल लागेपर्यंत सरकारकडून एक रुपयाही मिळणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. ते खरे आहे का? शिवाय, हे प्रकरण उघड झाल्यावर मुलीच्या मामाने १९९० च्या दशकात बालगृहात स्वतःवर झालेल्या अत्याचाराची वाच्यता प्रथमच केली. त्यांच्यासाठी काही तरतूद आहे का?

अ‍ॅड. कुलकर्णी : ते खरे नाही. पॉक्सो नियम २०२० मधील नियम ९ नुसार गुन्हा नोंदवल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकते, आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम देणे बंधनकारक आहे. आरोपी निर्दोष सुटला किंवा सापडलाच नाही, तरीही भरपाईची शिफारस करता येते. रक्कम ठरवताना उपचारांचा खर्च, कुटुंबाची आर्थिक स्थिती आणि बुडालेले शिक्षण विचारात घेतले जाते; म्हणून शाळेतील गैरहजेरीचा दाखला आणि समुपदेशकाचे पत्र अर्जाला अवश्य जोडावे. हातातोंडाची गाठ पडत नसेल, तर नियम ८ खाली बालकल्याण समिती अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी रकमेची शिफारस करू शकते, आणि ती आठवड्याभरात मिळायला हवी. ही तरतूद फारशी कोणी वापरत नाही, कारण ती मागायची असते हेच ठाऊक नसते.

रेवती : महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून अत्याचारपीडितांना आर्थिक मदत देणारी मनोधैर्य योजनाही आहे. सुरुवातीला २ ते ३ लाखांपर्यंत असलेली मदत पुढे कमाल १० लाखांपर्यंत वाढवली गेली आणि निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आला. मात्र मंजूर रकमेचा मोठा हिस्सा मुदत ठेवीत जातो, त्यामुळे आईच्या हाती सगळे पैसे लगेच पडतील असे समजून कर्ज काढू नये. बालकल्याण समितीकडे सहायक व्यक्तीचीही मागणी करावी. न्यायालयात मुलीसोबत बसणारे माणूस मिळणे हे पैशांइतकेच गरजेचे असते. आणि कृपया येथे गाव किंवा शाळा लिहू नका, कारण मुलीची ओळख उघड करणे हाच पॉक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे.

जुना सभासद : मामांचा प्रश्न अधिक अवघड आहे. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि तो मागील घटनांना लागत नाही; तरीही जुन्या दंड संहितेतील गंभीर गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नसल्यामुळे वकिलाचा सल्ला घेऊन तक्रार करता येईल. संस्थांमध्ये बालपण गेलेल्यांसाठी आयर्लंडने २००२ मध्ये कायदा करून स्वतंत्र भरपाई मंडळ नेमले. आपल्याकडे तसे काहीच नाही, आणि ही उणीव सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांच्या बाबतीत तर अक्षम्य वाटते. अर्थात आयर्लंडची व्यवस्थाही निर्दोष नव्हती: भरपाई स्वीकारणाऱ्याला दाव्याचा हक्क सोडावा लागे, आणि रकमेची वाच्यता करणे कायद्याने गुन्हा ठरवले होते.

वाटसरू : आभारी आहे. अंतरिम भरपाईचा अर्ज न्यायालयात करायचा की प्राधिकरणाकडे?

अ‍ॅड. कुलकर्णी : विशेष न्यायालयात करावा. वकील परवडत नसेल, तर प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळतो. अंतरिम रक्कम पुढे अंतिम भरपाईतून वळती होते, हे आईला आधीच समजावून सांगावे.