गाडीच्या पेनड्राइव्हवर ३०० च्या वर गाणी कशाला?

अजिंक्यतारा:
घरच्या हार्डडिस्कवरची सात हजार गाणी मी ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर ओतली होती. आधी स्टिरिओनं तो ओळखलाच नाही. पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धती असतात; मोठे पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीत येतात, जुन्या स्टिरिओला फॅट३२ लागतं. तेही केलं. मग गाडी सुरू केली की ‘रीडिंग’ फिरत राहायचं, पोवई नाका आला तरी गाणं नाही. आणि लागलं की कुणाच्या तरी लग्नातली सनई! आता मोजून ३०० गाणी, सहा फोल्डर. केळघर घाट चढताना स्क्रीनवर शोधाशोध करायची नसते.

कृष्णाकाठ:
३०० गाणी म्हणजे पंचवीसेक तास. मी दर आठवड्याला सांगली-सातारा जाऊन-येऊन पाच तास गाडीत असतो. पाच आठवड्यांत तुमचं भांडार खलास! फोन जोडा, गाण्याचं नाव तोंडानं सांगा. आजच्या जमान्यात पेनड्राइव्ह कोण सांभाळतं राव?

अजिंक्यतारा:
कासच्या रस्त्याला रेंज गेली की तुमचा फोन मुका. मग काय, आपणच गायचं?

कृष्णाकाठ:
आधी डाउनलोड करून ठेवायचं की. एवढं तर शाळकरी पोरं करतात.

भडंग_पार्सल:
ते डाउनलोड भाड्याच्या घरासारखं. वर्गणी थांबली की गाणी गेली. आमच्या अण्णांच्या भजनाची कॅसेट मी एमपी३ केलीय, मधेच त्यांचा खोकलाही आहे. ती कुठल्या ॲपवर मिळणार? पण ३०० ची अट मलाही पटत नाही. १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपी३ला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, १६ जीबीत हजारो गाणी बसतात. जागा आहे तर भरा की.

अजिंक्यतारा:
जागेचा प्रश्नच नाही, क्रमाचा आहे. गीतरामायणाची ५६ गीतं भरली, फाइलींना १, २, ३ असे आकडे दिले. स्टिरिओनं १ नंतर १०, ११, १२ लावलं. रामाचा जन्म व्हायच्या आधीच राम वनवासाला! आई मागच्या सीटवरून म्हणाली, “अरे, हे कुठलं रामायण?” मग ०१, ०२ असे आकडे घातले. काही स्टिरिओ तेही बघत नाहीत, ज्या क्रमानं फाइली कॉपी झाल्या त्याच क्रमानं वाजवतात. ३०० असतील तर पुसून पुन्हा क्रमानं भरता येतात. सात हजारांचं कोण करत बसणार?

कृष्णाकाठ:
हे मात्र खरं. माझ्या गाडीत तर मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

भडंग_पार्सल:
म्हणून मी नावं इंग्रजी अक्षरांत टाकतो, टॅगमध्ये म्हणजे फाइलीच्या आत लिहिलेल्या गाण्याच्या माहितीतसुद्धा. नुसतं फाइलीचं नाव बदलून भागत नाही, बरेच स्टिरिओ टॅग दाखवतात. अण्णांच्या भजनाचं नाव वर्षभर ‘ट्रॅक ०१’ होतं, पोरगं दर वेळी पुढं ढकलायचं. ‘आजोबा’ केल्यापासून थांबतं.

कृष्णाकाठ:
बरं, ४०० वर मिटवूया?

अजिंक्यतारा:
३२०. वरची २० तुमची, पण रिमिक्स नको.